चुन्याचा क्रूस

मेलेल्या माणसासाठी प्रार्थना म्हणायची तर आमच्या गावात कासिल्दालाच बोलावणं जायचं. पाद्री महिन्यातून एकदा उगवणार, आणि मरण काय त्याची वाट बघत थांबतंय थोडंच? मग कासिल्दा यायची. अंगावर काळी शाल, हातात जपमाळ, पायात पोराच्या जुन्या चपला. नऊ संध्याकाळी ती पुढं म्हणायची आणि आम्ही बायका मागून ‘त्याच्यासाठी विनव’ म्हणत राहायचो. कुणी एक शब्द चुकलं की बाई तिथंच थांबवायची. एकदा जांभया देता देता मी म्हणून गेले, “देवा, याला थोडी विश्रांती दे.”

“थोडी?” कासिल्दा सगळ्यांसमोर म्हणाली. “चिरविश्रांती म्हण, कोमाद्रे. मेलाय तो. दुपारचा आडवा नाही झालेला.”

तिच्या पोराला, आबुन्दियोला, बाप्तिस्म्याच्या वेळी मी धरलं होतं, मी त्याची धर्ममाता. म्हणून आम्ही दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो, आणि म्हणूनच तिचं असलं बोलणं मी ऐकून घ्यायची. दुसरी कुणी असती तर मी तिला तिथंच दाखवलं असतं.

त्या हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला. आमच्याकडं हा वारा जमिनीवरून समुद्राकडं ढकलतो, त्यात सापडलेली होडी माघारी येणं कठीण. आबुन्दियो एकटाच कोळंबीला गेला होता. होडी तेवढी सापडली, पालथी. तो नाही सापडला.

कासिल्दा सालिना क्रूझच्या बंदरावर जाऊन बसली. तिथले नौदलवाले म्हणाले, कळवू. ते अजून कळवतायत! घरी आल्यावर तिनं एकाही संताला सोडलं नाही. हरवलेलं शोधून देतो म्हणून संत अंतोनियोला आमच्याकडं उलटा टांगतात, काम केलंस तरच सुलटा करीन म्हणून. तिनंही टांगला. मग पावसाळा तोंडावर आला तेव्हा एका दुपारी स्वतःच त्याला खाली उतरवलं. “राहू दे,” म्हणाली, “त्याचंही डोकं दुखत असेल.”

पण तिच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. दुसऱ्यांच्या मयताला जायची, सगळं बिनचूक म्हणायची, आणि घरी येऊन दारातल्या खुर्चीत समुद्राकडं तोंड करून बसायची. गालफडं बसली. मी मक्याच्या पिठाचं गरम अटोले करून न्यायची, ती दोन घोट घ्यायची आणि वाटी मांडीवर तशीच गार व्हायची. मला तिचा राग यायचा आणि रडूही यायचं.

शेवटी तिची सून रुफिना बोलली. तिच्या स्वप्नात नवरा यायचा म्हणे, ओलाचिंब, आणि पाणी मागायचा.

“आई, त्यांचे नऊ दिवस घाला आता. त्यांना जाऊ द्या.”

“जिवंत माणसासाठी चिरविश्रांती मागितली की तो मरतो,” कासिल्दा म्हणाली. “मी माझ्या तोंडानं त्याला मारू?”

“आणि मेले असतील तर? तुमच्या हट्टापायी ते तहानलेले फिरतायत, त्याचं काय?”

मी रुफिनावर डोळे वटारले. पण कासिल्दा रागावली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून चुना घेऊन आली. देह असता तर जिथं ठेवला असता, तिथं जमिनीवर तिनं स्वतः चुन्याचा क्रूस काढला, वर त्याचा निळा सदरा पसरला, उशाशी पाण्याचा पेला ठेवला.

आठ संध्याकाळी ती आवाज न चढवता, न उतरवता म्हणत होती. त्याचं नावही घेतलं. बायका शालीआड कुजबुजल्या, बाई आहे की दगड! मी जवळ बसलेली, मला दिसत होतं. नाव घेताना ती जपमाळेचा मणी असा दाबायची की बोटाला खळगा पडायचा.

नवव्या संध्याकाळी क्रूस उचलायचा असतो. तो धर्ममातेनं उचलायचा, म्हणजे मी. सदरा बाजूला ठेवला. झेंडूच्या फुलांनी चुना गोळा करून ताटलीत घेत गेले. आधी माथा, मग दोन्ही हात, मग पाय. मधला काळजाचा भाग तेवढा उरला. तो उचलला की माणूस घरातून गेला. मग चुना नेऊन दफनभूमीत पुरायचा.

मी फुलं पुढं केली आणि कासिल्दानं त्या चुन्यावर हात ठेवला.

“थांब.”

ती गुडघ्यांवरच बसलेली होती. आता पुढची ओळ म्हणेल असं मला वाटलं. तिनं तोंड उघडलं, पण पाठ केलेलं काही आलं नाही.

“देवा,” ती म्हणाली, “मला येत होतं ते सगळं म्हणून झालं. आता काही उरलं नाही. तो तुझ्याकडं असेल तर त्याला पाणी दे. इकडं यायचा असेल तर वाट दाखव. काय ते मला सांग. नाही सांगायचं तर निदान झोपू दे. मी थकले रे. फार थकले.”

यावर मागून काय म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तेवढ्यात कासिल्दा कलंडली. मला वाटलं, हीपण गेली! पण तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं आणि ती घोरायला लागली.

“अर्धाच क्रूस?” एकीनं विचारलं. “आत्मा दारात अडकेल. उठवा तिला.”

“अडकला तर अडकू दे,” मी म्हटलं. “जी हिला उठवेल तिच्या तोंडात हा चुना कोंबीन.”

मक्याचे तामाले आणि कॉफी गुपचूप वाटली गेली. रुफिनानं सासूच्या अंगावर तोच निळा सदरा घातला. माझी मांडी बधिर झाली, पण मी हलले नाही.

ती उठली तेव्हा अंगणात ऊन आलं होतं.

“आला होता का स्वप्नात?” मी विचारलं.

“नाही. कुणीच आलं नाही. नुसती झोपले.”

“म्हणजे देवानं काही सांगितलं नाही.”

“नाही सांगितलं. झोपू दिलं.” तिनं क्रूसाच्या उरलेल्या तुकड्याकडं बघितलं. हाताचा पंजा अजून त्यात उमटलेला होता. मग ताटली तिनं आपल्या हातात घेतली. “उचल, कोमाद्रे. आणि म्हणायचंही तूच.”

“मला कुठं धड येतं?”

“मी आज नाही म्हणणार. आज मी नुसती आई आहे.”

मी फुलं उचलली. काळजाचा चुना ताटलीत घेता घेता तोंडातून निघून गेलं, “देवा, आबुन्दियोला थोडी विश्रांती दे.”

जीभ चावली मी. आता ती थांबवेल म्हणून वाट बघत राहिले.

“त्याच्यासाठी विनव,” कासिल्दा म्हणाली.