अंड्यांआधीचा दाणा

कोंबडीच्या पिल्लांना कोणत्या आठवड्यात काय घालायचं, याची यादी मी खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवली होती. पहिले आठ आठवडे बारीक दळलेलं चिक मॅश. तिथून विसाव्या आठवड्यापर्यंत वाढीचं खाद्य, म्हणजे ग्रोअर. कोंबडी अंड्यांवर आली की लेअर, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो. मी कॉलनीतल्या शाळेत शिकवत होते. तक्ते करायची सवय घरीही सुटत नसे.

शेजारच्या क्वार्टरमधली बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, कुहीकडच्या धानाच्या गावातून लग्न होऊन आलेली. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिचा नवरा छातीच्या आजाराने नागपूरच्या दवाखान्यात होता. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं की गोळी एकही चुकवायची नाही आणि रोज दोन अंडी खायची. तो अर्ध्या पगारी रजेवर होता. बाजाराच्या दिवशी आणलेली अंडी चार दिवस पुरत नसत. म्हणून तिने कोंबड्या पाळायचं ठरवलं आणि मला विचारायला आली.

आम्ही दोघींनी नागपूरहून एक दिवसाची डझनभर पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यात आणली. थंडीचे दिवस होते, म्हणून महिनाभर ती माझ्याकडे बल्बखाली ठेवली आणि मग तिच्या अंगणात पाठवली. सोबत यादीची मोठ्या अक्षरांत केलेली नक्कल दिली. दर रविवारी मी कुंपणावरून विचारायची, यादीप्रमाणे चाललंय ना? ती हो म्हणायची.

अकराव्या आठवड्यात मला पिल्लं बरोबर दिसेनात. पाण्याचं भांडं सकाळपासून तिसऱ्यांदा रिकामं झालं होतं. विष्ठा पांढरी, पाण्यासारखी. एक पिल्लू पाय ओढत होतं. मी सरळ तिच्या खाद्याच्या डब्यात हात घातला. बोटांना शिंपल्यांची कच लागली.

"हे लेअर आहे," मी म्हणाले. "काहून दिलं वं?"

तिने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाली, "म्हैस व्याची असली का दोन महिने आधीपासूनच सरकी लावतो नं बाई आमी तिले. आयत्या वेळी देऊन दूध येते का?"

तिच्या हिशेबात काही चूक नव्हती. जे हवं ते आधीपासून खाऊ घालायचं, हे ती लहानपणापासून गोठ्यात पाहत आली होती. माझ्या यादीत काय आणि केव्हा एवढंच होतं. का ते मी लिहिलंच नव्हतं. पिल्लांना शिंपल्यांचा एवढा चुना पचत नाही, मूत्रपिंडं बिघडतात, हे मी तिला त्या दिवशी, ते लंगडं पिल्लू मांडीवर घेऊन सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग अंडी कधी?"

मी म्हणाले, अजून दहा आठवडे तरी. तिने घराच्या दाराकडे पाहिलं. आत तो खोकत होता. दहा आठवडे म्हणजे किती, ते मला तेव्हा कळलं.

माझ्याकडे अंड्यांवरच्या चार कोंबड्या होत्या. मी अंडी पाठवली नव्हती असं नाही. पण आमच्याकडे शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते. मी दोन अंडी पाठवली की वाटीतून कधी तांदूळ, कधी लाखोळीची डाळ यायची. त्या घरातून ते येणं मला बघवेना, म्हणून मी पाठवणंच बंद केलं होतं.

त्या दिवशी मी वेगळं बोलले. माझ्या दोन कोंबड्या तू घे, तुझी दोन पिल्लं मला दे, त्यातलं एक हे लंगडं. तिने लगेच ओळखलं.

"बाई, हा कोणता सौदा झाला? याच्यात तुमी बुडता."

"तुझी पिल्लं उन्हाळाभर अंडी देतील. माझ्या म्हाताऱ्या होतील तोवर. बुडतेस तू."

ती हसली नाही, पण कोंबड्या न्यायला डालगं घेऊन आली.

आता एकाच अंगणात दोन वयाच्या कोंबड्या झाल्या. मोठ्यांचं लेअर पिल्लांच्या चोचीला लागू द्यायचं नव्हतं. पहिल्याच दिवशी पिल्लं त्या भांड्यावर तुटून पडली. ती स्वयंपाक सोडून दर वेळी बाहेर येऊ शकत नव्हती. तेव्हा तिने उन्हात खाट टाकली, नवऱ्याला त्यावर बसवलं आणि हातात लांब काडी दिली. पडल्या पडल्या तेवढं तरी करा म्हणाली.

लंगडं पिल्लू माझ्याकडे आठवडाभरात मेलं. दुसरं जगलं.

खाटेवरून तो दिवसभर पिल्लांना हाकलायचा. सुरुवातीला नुसती काडी हलायची, आवाज निघत नसे. पुढे कुंपणाजवळ उभं राहिलं की पुसटसं 'हट' ऐकू यायचं. रोज सकाळी ती दोन अंडी उकडत होती. कधी एकच मिळायचं.

फाल्गुनात एका दुपारी मी स्वयंपाकघरात चूल सारवत होते. दार बंद होतं. बाहेरून तो पिल्लांवर ओरडला, शिवीसकट, आणि ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं. त्यामागून तिचा आवाज आला, "हळू बोला नं, बाई घरी हायेत."