तागामेच्या बापाचं पान

उत्सुगी मास्तरांच्या बोटांना कायम काळी शाई. बायको फुसाए जेवताना म्हणायची, "अहो, हात धुवून बसा. तुमच्या शाळेचे बेडूक मला मुळ्याच्या लोणच्यात नकोत."

बेडूक, गोगलगाय, भाताचं फूल, सगळं मास्तर मेणकागदावर लोखंडी टोकाने कोरायचे आणि रूळ फिरवून छापायचे. सरकारी पुस्तक उघडलं की जपानच्या त्या डोंगरातली पोरं जांभया द्यायची. मास्तरांचं पान आलं की मात्र ढकलाढकली.

सगळ्यांत रंगलं ते तागामेचं पान. तागामे म्हणजे तळ्यातला बोटाएवढा किडा. मादी पाण्याबाहेर आलेल्या काडीवर अंडी घालते नि चालती होते. मागे बाप राहतो, पाण्यात बुडी मारून येतो, अंडी ओली ठेवतो. वाळली की संपलं. मास्तरांनी तो बाप थोडा वाकलेला, काळजीतला काढला होता.

"बघा, किड्यांतसुद्धा बाप्ये घर सांभाळतात," फुसाए म्हणाली.

"म्हणून तर त्याला इतका दमलेला काढलाय."

खाली लिहिलं होतं, कुठली काडी बघायची, पाण्यापासून किती उंच. आणि शेवटी मोठ्या अक्षरात: स्वतः जाऊन शोधा!

आता, उन्हाळ्याच्या सुट्टीत किडे टाचून पेटी करायची, हा तिथल्या पोरांचा नेमाचा अभ्यास. शोधा म्हटल्यावर ती आणणारच. एवढं मास्तरांना सुचायला हवं होतं. नाही सुचलं.

सुट्टी संपली आणि शाळेच्या दालनात पेट्यांची रांग लागली. पेटीपेटीत तागामे, टाचणीने टोचलेला. किनुयो नावाची पोरगी तर धावतच आली.

"सेन्सेई, मी बापाला काडीसकट आणलं! अंडीपण आहेत!"

"वाळली गं ती."

"हो, पण एकसुद्धा पडू दिलं नाही मी."

तिचं तोंड असं फुललेलं, मास्तर काय बोलणार? "छान," म्हणाले आणि पेटीवर पहिल्या बक्षिसाचा सोनेरी कागद चिकटवला. ते 'छान' त्यांना पुढे जन्मभर सलत राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते तळ्याकाठी गुडघाभर चिखलात काडी न् काडी बघत फिरले. काड्या सगळ्या मोकळ्या. तसेच ओल्या पायांनी हेडमास्तरांकडे गेले.

"यंदा तागामेचं पान वाटू नका."

"का हो? उलट खोऱ्यातल्या सगळ्या शाळांनी मागून नेलं. तुमच्या पानावरून उतरवून त्यांनी छापलंसुद्धा. नाव झालं तुमचं!"

मास्तरांनी सायकल काढली. चढ लागला तिथे ढकलत नेली. पलीकडच्या गावचे मास्तर हात पुसतच बाहेर आले.

"उत्सुगी-सान! या, या. काय पान काढलंत हो! वर्गात पोर थांबायला तयार नाही. सकाळपासून तळ्यावर आहेत सगळी."

त्यांनी जवाचा गार चहा पुढे केला. उत्सुगींनी तो घेतलाच नाही. "तळं कुठल्या अंगाला?" एवढं विचारलं आणि त्या उतरत्या वयात बांधावरून पळत सुटले.

पोरं वाटेतच भेटली. हातात डबे, डब्यांतून अंडी लागलेल्या काड्या बाहेर आलेल्या. परके मास्तर दिसल्यावर सगळी शहाण्यासारखी एका बाजूला झाली आणि डबे सांभाळत वाकून नमस्कार केला.