पाणी कुणी संपवलं

नोकरीची सगळी वर्षं मी नरसी नामदेवच्या आसपासच्या खेड्यांत नर्स म्हणून काढली. कुटुंब लहान ठेवा, हे सांगणं हा कामाचा मोठा भाग. आम्हाला वाक्यं ठरवून दिलेली असत: माणसं अशीच वाढत गेली तर जमीन पुरणार नाही, पाणी पुरणार नाही. ओट्यावर बसून, गोठ्यात उभं राहून मी ते इतक्यांदा म्हटलं, की पुढे पुढे त्याचा अर्थही मनात येईनासा झाला.

निवृत्तीनंतर हिंगोलीत मुलाकडे राहायला आले. नवी कॉलनी, घराघराला बोअर, गच्चीवर टाकी. मागच्या अंगाला मजुरांची गल्ली आहे. तिथं सगळ्यांत मिळून एक बोअर आणि एक नळ. एका सकाळी त्या नळावर ओळखीचा आवाज ऐकू आला. माझ्याच खेड्यांतली बाई होती. चार मुलींनंतर तिला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी तिच्या घरी चकरा मारल्या होत्या आणि सासूनं मला दारातूनच परत पाठवलं होतं. नंतर तिला दोन मुलगे झाले. आता मुलगे, सुना, नातवंडं असे सगळे त्या गल्लीत दोन खोल्यांत राहतात.

या उन्हाळ्याच्या तोंडाशी आमच्या समोर बंगला उभा राहिला. नवरा, बायको आणि एक मुलगी. माणसं भली. त्यांनी पुढे हिरवळ लावली, मागे मुलीसाठी पोहायचा लहानसा हौद बांधला, आणि त्यासाठी कॉलनीत सगळ्यांत खोल बोअर घेतला. यंत्र धडधडत होतं तोवर घरात बोलणं ऐकू येत नव्हतं. पुढच्या काही दिवसांत गल्लीच्या नळातून नुसती हवा यायला लागली. मग आमचीही मोटार पाणी कमी ओढायला लागली.

कॉलनीच्या मंदिरात बैठक झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी म्हणाले, "मागच्या गल्लीत बघा, एकेका खोलीत किती माणसं. एवढ्यांना पाणी पुरेल कसं?" मग माझ्याकडे वळले. "नर्सबाई, तुम्ही तर जन्मभर हेच सांगत होतात."

"सांगत होते," मी म्हणाले. "आजही सांगेन. एकामागून एक बाळंतपणांनी बाईचे काय हाल होतात, ते मी पाहिलंय. पण साहेब, ती माणसं घागरीनं पाणी नेतात. आपण हिरवळीवर पाइप सोडून देतो. आमच्या घरची गाडीसुद्धा रोज धुतली जाते."

कुणी चिडलं नाही. चिडले असते तर बरं वाटलं असतं. बंगल्याचे मालक सौम्यपणे म्हणाले, "मावशी, बोअर आमच्या जागेत आहे." कॉलनीसाठी टँकर मागवायचं ठरलं आणि सगळे उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई घागरी घेऊन आमच्या मागच्या दारी आली. "बाई, थोडं पानी देता का? नळाला येऊन न्हाई राहिलं. काहून बंद झालं, कोनी सांगत न्हाई."

मी मागच्या फाटकातून पाइप बाहेर सोडला. हळूहळू गल्लीतल्या बाकीच्या बायकाही यायला लागल्या. मग एकदा सुनेनं कामावरून आल्यावर तोंड धुवायला नळ सोडला, तर टाकी रिकामी. ती तिथंच खाली बसली. "आई, मी काय करू सांगा," म्हणाली. मुलानं गाडी धुणं थांबवलं, आठवडाभर. मग आमचाही बोअर बंद पडला आणि मी पाइप गुंडाळून ठेवला.

ती बाई नातवंडांना घेऊन लेकीकडे, सिद्धेश्वरला निघाली. तिथं धरण आहे, पाऊस लागेपर्यंत निभेल. जाताना फाटकाशी थांबली. "बाई, आमीच लई झालो का हो?"

"नाही गं, तसं नाही," मी म्हणाले. तिनं मान हलवली. पटलं असावं असं वाटलं नाही.

टँकर आता एक दिवसाआड येतो. टँकरला लावताना समोरचे मालक माझा पाइप धरू लागतात. त्यांचाही बोअर आटत आलाय म्हणे. आणखी खोल घ्यायचं चाललंय.