ॲल्युमिनियमचा धबधबा

“हा धबधबा आमच्या थोरलीनं केलाय हो,” आई म्हणाली.

मी कोसंबरीचे, म्हणजे भिजवलेल्या मूगडाळीच्या कोशिंबिरीचे, द्रोण घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. बंगळुरात दसऱ्याला आम्हीही कानडी शेजाऱ्यांसारख्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडायचो, बघायला येणाऱ्या बायकांना हळदीकुंकू द्यायचो. त्या संध्याकाळी मात्र बाहुल्यांचं निमित्त करून माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला मुलाची आई आली होती.

पायऱ्यांखाली नाचणी पेरून हिरवळ उगवायची आणि मधे आरशाचं तळं ठेवायचं, ही दर वर्षीची रीत. त्या वर्षी मी तळ्यामागे करवंट्यांचा डोंगर केला आणि त्यावरून ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचं पाणी सोडलं. माझे वडील, अप्पा, काम करत त्या कारखान्यात लेथवर ॲल्युमिनियम कापताना लांब कुरळ्या पट्ट्या निघत, त्या भंगारात जात. साहेबांना विचारून अप्पा डब्यातून थोड्या थोड्या आणायचे. पहिली पट्टी त्यांनी खिडकीपाशी धरली तेव्हा तिच्यावरून उजेड वाहत खाली आला. “बघ, काही सुचतंय का,” एवढंच म्हणाले.

पट्ट्यांना ब्लेडसारखी धार. उलगडताना माझी तीन बोटं कापली, त्यांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या. महिनाभर आई त्या पसाऱ्याला कचरा म्हणत होती. “स्वल्प लांब ठेव गं, साडी फाटेल माझी,” हे अक्काचं.

आता अक्का मान खाली घालून बसली होती. आई असं का बोलली ते मला कळत होतं. पण अप्पाही तिथेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पाहुण्या बाईंना म्हणाले, “लहानपणापासून कलेचा हात आहे तिला.”

शाळेत इंग्रजी कविता म्हणताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. घरी चार माणसांत मराठी बोलताना तो शेजारच्यापर्यंतही पोचायचा नाही. मी द्रोण द्यायला पुढे झाले.

बाईंनी धबधब्याला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. “अगंबाई, केवढी धार ही. हाताला लागत नाही का गं तुझ्या?”

“नाही,” अक्का म्हणाली. “सवय झालीय.”

मी बाईंपुढे द्रोण धरला. त्यांनी तो घेतला नाही. त्या माझ्या बोटांवरच्या चिंध्या बघत होत्या.

“लागतं,” मी म्हणाले. “मला लागलंय.”