सुका कूलर आणि मागच्या भिंतीचे गठ्ठे

जो बँड चालतो त्याची गाणी उरतात, जो चालत नाही त्याचे किस्से. आमच्याकडे किस्से भरपूर आहेत.

बँडचं नाव 'सुका कूलर'. प्रकार पोस्ट-पंक. म्हणजे नेमकं काय, हे नागपुरात सक्करदऱ्याला राहणाऱ्या आमच्या आईला मी अकरा वर्षं समजावतोय. ती सगळं ऐकून घेते आणि विचारते, "मंग चांगलं गाणं कधी शिकशीन?"

*

प्रताप नगरात एका वाढदिवसाला वाजवलं. आमचा गायक संघर्ष भिंतीकडे बघत, एकाच सुरात गातो. ती त्याची स्टाइल! तिसऱ्या गाण्यानंतर घरच्या काकू प्लेट घेऊन त्याच्याजवळ आल्या. "काहून गा बाबू, घरी काही झालं काय?"

संघर्षने मान हलवली आणि पुलाव दोनदा घेतला.

*

कॉलेजच्या गॅदरिंगला पाचही गाणी जीव तोडून वाजवली. घाम पुसतोय तोवर आयोजक म्हणाला, "साउंड चेक मस्त झाला. आता सुरू करा!"

आम्ही तीच पाच गाणी पुन्हा वाजवली. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

*

प्रॅक्टिस गांधीबागेत, ड्रमर प्रफुलच्या मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या, कापडाच्या गोदामात. छतापर्यंत गठ्ठे, त्यामुळे आवाज घुमायचा नाही. तिथे आम्ही खरंच चांगले वाजायचो. बाहेर कुठेच नाही.

मोठेबाबांनी आमच्या संगीतावर अकरा वर्षांत एक शब्द काढला नाही. धंद्यावर मात्र रोज ऐकवायचे की गिऱ्हाइकासमोर आपल्या मालाला नाव ठेवायचं नाही, जीव गेला तरी. प्रफुल एकदा 'हा रंग जरा फिका आहे' म्हणाला, तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

*

यंदा संघर्षची बदली झाली जबलपूरला. बँड संपणार हे ठरलंच. निदान एक अल्बम मागे राहावा म्हणून गोदामातच रेकॉर्डिंग काढलं. पण ऐन लग्नसराई! रोज गठ्ठे जायचे आणि आवाज पोकळ व्हायचा. पहिलं गाणं भरदार, चौथं विहिरीतून आल्यासारखं. पाचव्यासाठी फक्त मागच्या भिंतीचे गठ्ठे उरले. ड्रम त्यांनाच टेकवले. संघर्षची गाडी संध्याकाळची होती.

गाणं अर्ध्यावर आलं आणि मोठेबाबांचं वर्ध्याचं जुनं गिऱ्हाईक टेम्पो घेऊन दारात हजर. त्याने नेमकं मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. आम्ही थांबलो. प्रफुलने काठ्या खाली ठेवल्या.

मोठेबाबा उठले. जाऊन एका गठ्ठ्यावर हात फिरवला.

"ते नका घेऊ, भाऊ. भिजेल माल आहे. रंग जाते त्याचा."

गिऱ्हाईक गेलं. मोठेबाबा परत आपल्या गादीवर बसले आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही काहून थांबले?"