पुढं असून थांबणारे तात्या

इंदापुरातले वडापवाले तात्या पॅसेंजरनी जीप भरेपर्यंत चहाच्या हॉटेलात मोटारींच्या शर्यतीचं कार्टून बघायचे. त्यातला लबाड गडी कायम पुढं असायचा आणि मागच्यांची वाट अडवायला थांबून हरायचा. बाकड्यावर बसल्या बसल्या उजवा पाय दाबत तात्या ओरडायचे, "आरं पळ की मर्दा! थांबतूस कशाला?"

एकदा आम्ही तात्यांच्या जीपमधून निघालो, तर वरकुट्याच्या वाटेवर मागं दुसरी वडापची जीप लागली. फाट्यावरचे पॅसेंजर आधी पोचेल त्याचे! आम्ही पुढं होतो, आरोळ्या ठोकत होतो. तेवढ्यात तात्यांनी करकचून ब्रेक मारला, खाली उडी टाकली आणि ते कडेला पडलेली बाभळीची फांदी रस्त्यात ओढू लागले. मागची जीप हॉर्न वाजवत बाजूनं निघून गेली.

"तात्या, थांबलात कशाला?"

बोटातला काटा उपसताना त्यांचे डोळे चमकत होते.

"आत्ता कळलं, त्यो का थांबतुय! नुसतं पळण्यात काय मजा हाय?"