माझी बुटकी क्रूझर

इकडे परदेशात, आमच्या बॉथेल गावात उन्हाळा आला की शनिवारी आमची पुण्या-नागपूरची मंडळी आपापल्या क्रूझर मोटारसायकली बाहेर काढतात आणि चहाच्या थांब्यावर एकमेकांच्या गाड्या चालवून बघतात. त्यामुळे मी जवळजवळ सगळ्यांवर बसलेय. एकीचं हँडल इतकं उंच, की चालवणारा दोरीवर कपडे वाळत घालतोय असं वाटतं. दुसरीचे पाय ठेवायचे दांडे इतके पुढे, की माझी टाचही पोचेना. नवऱ्याची तर अठराशे सीसीची! पुढे काच, मागे दोन पेट्या, स्पीकर, आणि मागे बसणाऱ्यासाठी चक्क आरामखुर्ची. सरळ रस्त्यावर ती झकास जाते, हे कबूल. पण पार्किंगमध्ये वळवायची म्हटलं की मी जीव मुठीत धरते.

माझी पाचशे सीसीची, काळी, सेकंडहँड. सीट बुटकी आणि मीही बुटकी. सिग्नलला थांबलं की दोन्ही पाय सपाट जमिनीवर टेकतात. हे सुख उंच माणसांना कळायचं नाही. "वहिनी, ही क्रूझर आहे की सायकल?" हा एकच विनोद मंडळी दर उन्हाळ्यात पुरवून पुरवून वापरत. मी हसण्यावारी न्यायचे, पण लागायचं.

त्यातच नवऱ्याला पुढच्या वर्षी दोघांनी डोंगर ओलांडून मोंटानापर्यंत जायचं होतं. "यार, तुझी गाडी हायवेवर दमते. ट्रेड-इन करून टाक, मोठी घे," असा त्याने लकडा लावला. शोरूममधली एक मी चालवूनही पाहिली. चांगली होती, खोटं कशाला बोला? सोमवारी माझी देऊन ती आणायची असं ठरलं. मी हो म्हटलं खरं, पण मग दिवसभर घरात सगळ्यांवर उगीचच चिडचिड केली.

आदल्या दिवशी, रविवारी, नागपूरहून आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "मलाही एक चक्कर मारून आणा ना." नवरा खूश! त्याने आरामखुर्ची पुसली. पण सासूबाईंचे गुडघे दुखरे, तेवढ्या उंचीवर पाय जाईना. स्टूल आणलं, तरी नाही. शेवटी त्या माझ्या गाडीकडे वळल्या. ओढणी काढून माझ्या मुलीच्या हातात दिली आणि दोन्हीकडे पाय टाकून बसल्यासुद्धा. हेल्मेट तेवढं मी लावून दिलं.

नदीकाठच्या शेतांमधून निघालो. नवरा मागून त्याच्या गाडीवर येत होता. मी मुद्दाम सावकाश चालवत होते, तर मागून आवाज आला, "अगं, पळव की जरा!" पळवली. एका वळणानंतर रेनियर पर्वत अख्खा समोर आला, आणि सासूबाईंनी माझे खांदे घट्ट धरले. मला वाटलं, घाबरल्या. गाडी कडेला घेतली.

"काय झालं, आई?"

"काही नाही गं. ह्यांच्या स्कूटरवर मी जन्मभर एका बाजूला पाय सोडून बसले. डावीकडची दुकानं तेवढी बघितली. पुढे काय आहे, ते ह्यांनाच दिसायचं. आज तुझ्या डोक्यावरून सगळा रस्ता दिसतोय."

आरामखुर्चीत बसल्या असत्या, तर त्यांना मुलाच्या रुंद पाठीवरची जॅकेटची शिवण दिसली असती. आयुष्यात पहिल्यांदा मला माझी उंची आवडली. आणि गाडी तर इतकी आवडली, की कोणी पुन्हा तिला सायकल म्हणालं असतं तर मी भांडले असते.

नवरा शेजारी येऊन थांबला. "काय झालं? एव्हरीथिंग ओके?"

"उद्याचं कॅन्सल कर," मी म्हटलं. "मी ही देत नाही."

"आणि मोंटाना?"

"येईन की हळूहळू. तू पुढे जाऊन चहा सांग."

सासूबाई गाडीवरून उतरल्याच नव्हत्या. मी इंजिन सुरू केलं, आणि त्यांना आणखी दिसावं म्हणून जराशी वाकून बसले.